कंपनीचाच स्टिरिओ ठेवून पुढचे स्पीकर बदलले, आता आवाज मध्येच बंद पडतो. ओहम जुळत नसेल का?

पेडण्याचो_घुमट | 11 मे, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. जरा लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट कळणार नाही म्हणून लिहितो.

गाडी 2016 ची हॅचबॅक. कंपनीचा स्टिरिओ, चार दारांत चार स्पीकर आणि पुढे आरशाजवळच्या त्रिकोणी तुकड्यात दोन ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचे बारके स्पीकर. गेल्या पावसाळ्यानंतर पुढचे दोन्ही स्पीकर गेले, कागदाचा कोन ओला होऊन होऊन मऊ पडला होता आणि कडेच्या फोमला बोट लावलं की भुगा. मार्चमध्ये म्हापशात एका दुकानात गेलो. स्टिरिओ बदलायचा नाही हे आधीच सांगितलं कारण स्टिअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा त्यालाच जोडलेला आहे आणि मला त्यात हात घालायचा नाही. त्याने साडेसहा इंची कोॲक्सियल (ज्यांच्या मध्येच ट्वीटर बसवलेला असतो) दाखवले, खोक्यावर मोठ्या अक्षरात 300 वॅट. लावून वाजवले तर जुन्यापेक्षा चांगलाच मोठा आवाज, मी खूश होऊन पैसे दिले आणि घरी आलो.

आता त्रास असा की दुपारच्या उन्हात पणजीला जाताना आवाज थोडा वाढवला की अर्ध्या तासात सगळंच गप्प. स्क्रीन चालू, गाणं पुढे सरकतंय, पण चारही स्पीकर मुके. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप परत सुरू. सकाळी गारव्यात असं होत नाही.

आणि दुसरं, मला जास्त लागणारं. माझे वडील घुमट (मातीच्या मडक्याला चामडं ताणलेलं आमच्याकडचं वाद्य) वाजवायचे, आता हात थरथरतो म्हणून वाजवत नाहीत. सहा वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला चुलत भावाने चांगला रेकॉर्डर आणून आमच्या घरच्या आरतीचं रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात वडिलांचं घुमट आहे. त्यांना बांबोळीला डॉक्टरकडे नेतो तेव्हा गाडीत तेच लावतो, महिन्यातून दोनदा तरी. जुन्या फाटक्या स्पीकरवर सुद्धा घुमटाचा घूम छातीत लागायचा. नवीन लावल्यापासून घुमट नुसतं टकटक टकटक, सोबतचं चर्मवाद्य शामेळ बरं आहे, आणि कासाळी म्हणजे झांजा इतक्या कानात घुसतात की वडीलच म्हणाले बंद कर. परवा त्यांनी स्वतः हात पुढे करून बंद केलं. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाहीये.

महाग स्पीकर घेऊन वाईट आवाज कसा येतो? ओहम नावाचं काहीतरी जुळावं लागतं असं वाचलं पण कुठे बघायचं ते कळत नाही. कोणी सांगाल?

फोंडेकर_ड्रायव्हर | 11 मे, रात्री 11:20

ॲम्प्लिफायर लाव, सगळं सुटेल. कंपनीच्या स्टिरिओत दम नसतो. मी पण 6 बाय 9 इंची स्पीकर लावले होते मागे, ॲम्पशिवाय काही मजा नाही.

सांगेबाब | 12 मे, सकाळी 7:05

फोंडेकर, ॲम्प नंतर बघू. आधी दुखणं काय ते कळू दे, औषध मागाहून.

पेडणेकर बाब, मी पस्तीस वर्षं रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्त केले, आता दुकान मुलाकडे आहे. तुमच्या लिहिण्यावरून मला एक नाही, दोन-तीन गोष्टी एकदम बिघडलेल्या दिसतात, म्हणून त्या एकेक वेगळ्या करायला हव्यात. जुने स्पीकर दुकानदाराकडून परत घेतले होते का? घेतले असतील तर फार बरं. कोन फाटला तरी आतली कॉइल बहुतेक वेळा शाबूत असते आणि आपल्याला कॉइलच हवी आहे.

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांचा चालेल. 200 ओहमच्या रेंजला ठेवा, ओहम म्हणजे करंटला किती अडथळा होतो त्याचं माप. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय दाखवतो ते लिहून घ्या, साधारण 0.2 किंवा 0.3 येईल, तो पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्स, तो नंतर प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मग जुन्या स्पीकरच्या दोन टोकांना लावा. नंतर दाराचं पॅड काढून नवीन स्पीकरचे वायर सोडवा आणि तोही मोजा. वायर जोडलेली ठेवून मोजू नका, स्टिरिओचं सर्किट मध्ये येतं आणि आकडा खोटा मिळतो.

मीटर जे दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स, म्हणजे सेलसारख्या एकाच दिशेच्या करंटला होणारा अडथळा, स्पीकरवर छापलेला ओहम त्याच्यापेक्षा थोडा जास्त असतो. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर 3.2 ते 3.8 च्या आसपास, 2 ओहमचा 1.6 ते 1.9, आणि 8 ओहमचा 6 ते 7. आकडे आणा, मग बोलू.

पेडण्याचो_घुमट | 13 मे, रात्री 9:41

सांगेबाब, जुने पिशवीत होते, फेकले नव्हते. आज मोजले. पिना 0.3. वजा करून आकडे देतो.

जुना डावा 3.4, जुना उजवा 3.5. नवीन डावा 1.8, नवीन उजवा 1.8. मागच्या दारातले कंपनीचेच आहेत, ते 3.4.

ट्वीटरला लावलं तर मीटर काहीच दाखवत नाही, उघडी लाईन असल्यासारखं. तोही गेला का? पण आवाज तर येतो त्यातून.

खोकं परत काढून बघितलं. मागे तळाला बारीक अक्षरात 2 ओहम लिहिलंय, 300 वॅटच्या एक-दशांश साईजमध्ये. मी बघितलंच नव्हतं आणि त्याने सांगितलं नाही.

सांगेबाब | 14 मे, सकाळी 6:50

झालं, पहिलं सापडलं. ट्वीटर ठीक आहे, त्याच्या आधी एक कंडेन्सर असतो, डीसी त्यातून जात नाही म्हणून मीटर उघडं दाखवतो. त्याच्यावर नंतर येतो.

तुमचा स्टिरिओ 4 ओहम धरून बनवलेला आहे. स्टिरिओच्या आत एकच बोटभर लांबीची चिप चारही स्पीकर चालवते आणि ती मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळलेली असते, तेवढंच तिचं थंड होण्याचं साधन. आता गाडीचं इंजिन चालू असताना साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. चिप ब्रिज पद्धतीची असते म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरी चालत्या, त्यातली एकही बॉडीला अर्थ नसते. तरी सुद्धा त्या 14.4 च्या वर उंची जाऊ शकत नाही. हिशोब केला तर 4 ओहमवर जास्तीत जास्त 26 वॅट निघतात आणि चिपमधलं नुकसान जाऊन हातात 18 ते 20 खरे. स्टिरिओवर 50 वॅट गुणिले 4 छापलेलं असतं ते आवाज पूर्ण फाटलेला असतानाचं. हे कोणत्याही कंपनीच्या साध्या स्टिरिओला लागू आहे, भौतिकशास्त्राला कोणी चुकवत नाही.

आता 3.4 च्या जागी 1.8 लावलं. तेवढ्याच व्हॉल्यूमला करंट जवळपास 1.9 पट. म्हणून दुकानात मोठा आवाज आला, तो स्पीकरचा गुण नव्हता, चिपकडून जास्त ओढून घेतलं होतं. आणि चिपमध्ये उष्णता पण त्याच प्रमाणात वाढली. मे महिन्यात डॅशबोर्ड आधीच तापलेला, त्यात पुढच्या दोन चॅनेलवर दुप्पट भार, मग चिप स्वतःला वाचवायला चारही चॅनेल बंद करते आणि गार झाली की परत सुरू. तुमचा स्टिरिओ बिघडलेला नाही, तो शहाणपणाने वागतोय. पण असं रोज होऊ देऊ नका, आजपासून आवाज अर्ध्याच्या खाली ठेवा.

बाणावली_बीट्स | 14 मे, दुपारी 1:15

पण सांगेबाब, सगळे म्हणतात वॅट जास्त असलेले घ्यावेत म्हणजे फाटत नाहीत. 300 वॅटचा स्पीकर चुकीचा कसा? मी पण स्पीकर घेताना वॅटच बघतो.

सांगेबाब | 14 मे, रात्री 8:30

वॅट म्हणजे स्पीकर किती सोसू शकतो ते. किती वाजतो ते नाही. बैलगाडीवर टनभर माल चढतो म्हणून ती जोरात धावत नाही ना, तसं.

वाजण्याचा आकडा वेगळा, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात, डेसिबलमध्ये असते. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती आवाज. एका स्पीकरची 92 आणि दुसऱ्याची 88 असेल तर तो 4 डेसिबलचा फरक भरून काढायला दुसऱ्याला अडीच पट पॉवर द्यावी लागते. म्हणजे 92 वाला 18 वॅटवर जितका वाजेल तितकं वाजायला 88 वाल्याला 45 वॅट. तुमच्या कंपनीच्या स्टिरिओत 45 आहेतच कुठे? आणि जड कोन, जाड रबर, मोठी कॉइल असलेले भारी स्पीकर पुष्कळदा कमी सेन्सिटिव्हिटीचे असतात, ते मोठ्या ॲम्पसाठीच बनवलेले. म्हणून कंपनीच्या स्टिरिओवर महाग स्पीकर मेल्यासारखे वाजतात आणि लोक स्पीकरला दोष देतात.

यात अजून एक खाच आहे, खोक्यावर वाचताना लक्ष ठेवा. काही कंपन्या 1 वॅटवर मोजतात, काही 2.83 व्होल्टवर. 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे एक वॅट, पण 4 ओहमला तेच दोन वॅट होतात आणि 2 ओहमला चार. म्हणजे 2.83 व्होल्टवाला 4 ओहमचा आकडा आपोआप 3 डेसिबल जास्त दिसतो आणि 2 ओहमचा 6. दोन स्पीकर तोलायचे तर दोघांचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत का ते बघा, नसतील तर वजाबाकी करून घ्या.

ॲम्प न लावता फक्त स्पीकर बदलायचे असतील तर मी माणसाला एवढंच सांगतो, ओहम जुन्याइतका, सेन्सिटिव्हिटी 1 वॅटवर 90 च्या पुढे मिळाली तर बघा, आणि वॅटमध्ये आरएमएस, म्हणजे सतत सोसता येणारे खरे वॅट, 40-50 असला की भरपूर झाला.

मडगावची_रेवा | 15 मे, सकाळी 11:08

माझं नेमकं उलटं झालंय म्हणून इथेच विचारते. माझ्या गाडीत वरच्या मॉडेलची ब्रँडेड सिस्टीम आहे, सीटखाली वेगळा ॲम्प येतो कंपनीकडून. एका दाराचा स्पीकर खरखरायला लागला म्हणून दोन्ही दारांचे चांगले 4 ओहमचे लावून घेतले. आता पुढचा आवाज एकदम कमी, मागचाच ऐकू येतो, फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटून देणारी सेटिंग) पुढे ढकलावा लागतो. शिवाय आवाज कोरडा वाटतो. आज हा धागा वाचून मीटर लावला तर जुना 1.7 दाखवतो.

सांगेबाब | 15 मे, रात्री 9:02

रेवाबाय, तुमच्या गाडीचे मूळ 2 ओहमचे. अशा ब्रँडेड सिस्टीममध्ये 2 ओहम सर्रास असतात, बोसच्या बऱ्याच सिस्टीममध्ये तर त्याहूनही कमी. तुम्ही दुप्पट ओहम लावला म्हणजे ॲम्पमधून अर्धी पॉवर, 3 डेसिबल तिथेच गेले. धोका काही नाही, जास्त ओहमने ॲम्पला आराम मिळतो, फक्त आवाज कमी. धोका खाली जाण्यात असतो, पेडणेकरांसारखा.

पण कोरडा आवाज फक्त त्याने येत नाही. त्या कंपनीच्या ॲम्पमध्ये आधीच इक्वलायझर भरलेला असतो, त्याच स्पीकरसाठी, त्याच दारासाठी मोजून केलेला. मूळ स्पीकरला जिथे बास कमी पडत होता तिथे त्यांनी वाढवलेला, जिथे टोचत होता तिथे कापलेला. आता स्पीकर बदलला पण ते कापणं-वाढवणं तसंच राहिलं. कपडे दुसऱ्याच्या मापाचे झाले. तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे परत 2 ओहमचेच शोधणं, शक्य तर कंपनीचा मूळ पार्ट. दुसरा रस्ता डीएसपीवाला ॲम्प, म्हणजे आवाजाचं कापणं-वाढवणं डिजिटल पद्धतीने नव्याने करता येणारा, जो स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेतो, पण त्यात खर्च आणि खटपट दोन्ही आहे, आणि काही गाड्यांचा स्टिरिओ स्पीकर जोडलेला दिसला नाही तर चॅनेलच बंद करतो, तिथे खोटा लोड, म्हणजे स्पीकरऐवजी रेझिस्टर, जोडावा लागतो. ते काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

मडगावची_रेवा | 15 मे, रात्री 9:30

समजलं. मूळ पार्टची किंमत विचारते उद्या. देव बरें करूं.

वास्को_दर्या | 16 मे, संध्याकाळी 6:14

मी बोटींच्या इलेक्ट्रिकल कामात आहे, स्पीकरातलं सांगेबाबांइतकं कळत नाही, पण पाणी आणि मीठ मला रोज भेटतं. पेडणेकर, तुमचे पहिले स्पीकर का गेले ते कोणी बोललंच नाही, ते तसंच राहिलं तर नवीन पण दोन पावसाळ्यांत जातील.

दाराच्या आत पाणी येणं हे ठरलेलं असतं. काचेच्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जातं, गाडी तशीच बनवलेली आहे. म्हणूनच पॅडच्या मागे प्लास्टिकचा पडदा काळ्या चिकट बुटिलने लावलेला असतो. दुकानवाले स्पीकर लावताना तो फाडतात आणि तसाच लोंबकळत ठेवतात, मग पाणी पॅडपर्यंत, स्पीकरपर्यंत. आपल्याकडे वर्षाला 3000 मिमीच्या आसपास पाऊस, त्यात समुद्राकडची हवा. तेव्हा पॅड काढलंच आहे तर बघा, पडदा फाटलेला असेल तर जाड प्लास्टिक कापून नवीन लावा. तळाची भोकं काडीने मोकळी करा, त्यात माती आणि पानं बसतात.

स्पीकर कशावर आवळलाय तेही बघा. बाजारात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, रिंगा मिळतात, कापायला सोप्या म्हणून सगळे त्याच लावतात. एमडीएफ आपल्या पावसात भिजलेल्या पावासारखा फुगतो आणि स्क्रू सुटतात. एबीएस प्लास्टिकची किंवा एचडीपीईची रिंग घ्या, भाजी कापायचा जाड पांढरा प्लास्टिकचा बोर्ड असतो ना, त्यातून सुद्धा जिगसॉने कापता येते, मी कापलेली आहे. पत्र्याला नवीन भोक पाडलं असेल तर त्या कडेला झिंक प्रायमर लावा, नाहीतर तिथून गंज सुरू.

वायर शक्यतो टिन केलेल्या तांब्याची, बोटीवर आम्ही तीच वापरतो. स्वस्त वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते, कापून बघितली की आत पांढरी दिसते, खाऱ्या हवेत तिची पावडर होते. आणि कोन पॉलिप्रॉपिलीनचा, कड रबराची. फोम नको, कागद नको.

फोंडेकर_ड्रायव्हर | 16 मे, रात्री 8:00

हे पडद्याचं मला माहीतच नव्हतं. माझ्या दाराच्या पॅडला दरवर्षी बुरशी येते ती याच्यामुळेच असणार.

पेडण्याचो_घुमट | 18 मे, रात्री 10:15

काल रविवारी दोन्ही दारं उघडली, भाचा मदतीला होता. जे दिसलं ते लिहितो.

पडदा दोन्हीकडे फाटलेला. रिंग एमडीएफची, डावीकडची आत्ताच खालून काळी पडायला लागली आहे. आणि कंपनीचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा सांधा) कापून टाकलाय, वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली, टेपचा गोंद उन्हाने वितळून सगळं चिकट. उजवीकडे तर टेप सुटून नुसत्या वायरी होत्या.

सांगेबाब, आता घुमटाबद्दल सांगा. ओहममुळे आवाज बंद पडतो ते कळलं, पण घूम का गेला?

सांगेबाब | 19 मे, सकाळी 7:20

पेन्सिल सेल घ्या, दीड व्होल्टचा. स्पीकरपाशी नको, स्टिरिओपासून आलेल्या त्या कापलेल्या वायरींपाशी आधी रंग बघा, कोणत्या रंगाची वायर कुठल्या टोकाला गेलीये ते डावीकडे आणि उजवीकडे सारखं आहे का. मग स्पीकर मोकळा करून सेलचा प्लस त्याच्या प्लसला, सहसा रुंद पिन प्लस असते, क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरला करून बघा. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवायचा.

माझा अंदाज एका बाजूला वायर उलटी आहे. तसं असेल तर डावा कोन पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांवर तितका परिणाम दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, बास नाही एवढंच वाटतं. सेलशिवाय ओळखायचं तर बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग मध्ये आणा. एकच बाजू असताना बास जास्त आणि दोन्ही असताना कमी वाटला तर उलटी आहे.

दुसरं म्हणजे दार. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे तितकीच हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात आणि रिंगच्या भोवती फट राहिली तर पुढची हवा मागे पळते आणि बास जागच्या जागी मरतो. तुम्हाला हे मी काय सांगू, तुमच्या घरात घुमट आहे. मडक्याला केसाएवढी भेग गेली की चामडं कितीही ताणा, घूम येतो का?

पेडण्याचो_घुमट | 19 मे, रात्री 9:50

हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले बरोबर आहे, आणि घुमटाचं दुसरं तोंड हाताने किती झाकायचं यावरच सगळा सूर असतो, हवा कुठून जाते तेच वाजवायचं असतं. मग अर्धा तास पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं तेव्हाचा आवाज आणि आताच्या बकऱ्याच्या चामड्याचा आवाज यावर बोलत होते. खूप दिवसांनी इतकं बोलले.

सेल लावला. उजवी उलटीच होती.

बाणावली_बीट्स | 20 मे, सकाळी 10:40

आणि ट्वीटर? कासाळी टोचतात म्हणालात ते राहिलं. माझ्या गाडीत पण कोॲक्सियल लावल्यापासून हाय फार झालेत.

सांगेबाब | 20 मे, रात्री 8:45

बरोबर आठवण केलीत. कोॲक्सियलच्या मध्ये स्वतःचा ट्वीटर असतो. वर आरशाजवळचा कंपनीचा ट्वीटर त्याच वायरीवर समांतर जोडलेला राहिला तर एका बाजूला दोन ट्वीटर वाजतात. कासाळी दुप्पट. शिवाय वरच्या सुरांत दोघे मिळून ओहम अजून खाली आणतात, खालच्या सुरांत नाही, कारण कंडेन्सर खालचं अडवतो.

दोन उपाय. कोॲक्सियल ठेवायचे तर वरचा ट्वीटर सोडवून बघा. पण आवाज मग पायांपाशी राहतो, गाणारा माणूस गुडघ्यातून गातोय असं वाटतं. मला स्वतःला दुसरा आवडतो, कंपोनंट सेट, म्हणजे दारात नुसता खालच्या सुरांचा वूफर आणि वर त्याचाच ट्वीटर, खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या त्याच्या क्रॉसओव्हरसकट. पण नवीन ट्वीटर कंडेन्सरशिवाय थेट जोडू नका, एका गाण्यात जळेल. कंडेन्सरचा आकडा पण जुळावा लागतो. 4 ओहमच्या ट्वीटरला 4.7 मायक्रोफॅरड लावला तर साधारण 8500 हर्ट्झच्या वरचंच जातं, 10 लावला तर 4000 पासून. कंपनीच्या बारक्या ट्वीटरचा कंडेन्सर नवीन ट्वीटरला वापरला तर मधले सूर कोणीच वाजवत नाही, गाणाऱ्याच्या आवाजात खड्डा पडतो. मी एकाच्या गाडीत अभिषेकीबुवांची तान ऐकत होतो, मंगेशीच्या माणसाचा तो भरलेला आवाज, आणि मध्येच पोकळ वाटत होता. कारण हेच निघालं. सेटसोबत जो क्रॉसओव्हर येतो तोच लावा.

वास्को_दर्या | 20 मे, रात्री 9:10

घेण्याआधी खोली मोजा. काच पूर्ण खाली करून. मुलांची खेळायची माती असते ती गोळा करून जुन्या स्पीकरच्या चुंबकाच्या मागे चिकटवा, स्पीकर बसवा, काच हळू खाली न्या, मग काढून माती किती दबली ते बघा. तेवढीच जागा. बरेच जण हे न करता बसवतात आणि पहिल्या टोलनाक्यावर काच चुंबकावर आपटते.

पेडण्याचो_घुमट | 8 जून, रात्री 10:30

मंडळी, उशीर झाला, पण सगळं झालं म्हणून सविस्तर लिहितो.

दुकानदाराकडे परत गेलो होतो. भांडलो नाही, मीटरचे आकडे आणि खोक्यावरचे 2 ओहम दाखवले. त्याने परत घेतले नाहीत, वापरलेले आहेत म्हणाला, पण नवीन सेटमध्ये थोडे पैसे कमी केले. ते मी घेतलं. जुने 2 ओहमचे घरी पडून आहेत.

नवीन घेतले ते 4 ओहमचा कंपोनंट सेट, 1 वॅटवर 91 डेसिबल, आरएमएस 50, पॉलिप्रॉपिलीन कोन, रबराची कड. किंमत पहिल्यापेक्षा कमीच निघाली. दुकानात मीटर घेऊन गेलो होतो, खोकं उघडून तिथेच मोजलं, 3.5 आणि 3.5. मातीने मोजलेली जागा 58 मिमी होती, स्पीकर 55 चा, रिंगची जाडी धरून आरामात.

रिंगा भाजीच्या बोर्डच्या कापल्या, वास्को यांनी सांगितल्याप्रमाणे. भोवती फोमची पट्टी. कापलेल्या वायरी सोल्डर करून स्लीव्ह लावली आणि त्याच गाडीचा जुना कपलर भंगारातून मिळाला तो जोडला म्हणजे पुढे काढायचं झालं तर कापावं लागणार नाही. स्पीकरच्या मागच्या पत्र्याला कंप मारणारी डॅम्पिंग शीट, आतल्या पत्र्याची मोठी भोकं पण त्यानेच बंद केली, फक्त काचेच्या मोटरच्या स्क्रूंपर्यंत हात जाईल एवढी एक खिडकी ठेवली. तळाची भोकं मोकळी. त्यावर जाड प्लास्टिकचा पडदा, नवीन बुटिल लावून. एका दाराला पूर्ण दुपार गेली. दुसऱ्याला दोन तास.

ॲम्प लावला नाही. फोंडेकर, गरजच वाटली नाही.

परवा 4 जूनला बांबोळीला गेलो, भर दुपारी, आवाज पूर्वीइतकाच ठेवून. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, एकदाही बंद पडला नाही. परत येताना गिरीच्या शेतांपाशी वडिलांनी स्वतःच विचारलं, ती आरती लाव. लावली. पहिलं घुमट पडलं तेव्हा दाराच्या पॅडला त्यांचा हात टेकलेला होता, त्यांनी हात तिथेच ठेवला. मग मांडीवर बोटांनी धरलं, थरथरत होतं तरी ठेका चुकला नाही. मध्ये म्हणाले, इथे मी दुसरं तोंड उशिरा सोडलं, ऐकू येतं बघ. मला आतापर्यंत कधीच ऐकू आलं नव्हतं ते. परत मागे नेऊन तीन वेळा ऐकलं.

सांगेबाब, वास्को, सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

सांगेबाब | 9 जून, सकाळी 6:40

वडिलांना माझा नमस्कार सांगा. ते रेकॉर्डिंग दोन-तीन ठिकाणी कॉपी करून ठेवा, एका पेनड्राईव्हवर विसंबू नका.

मडगावची_रेवा | 9 जून, सकाळी 9:15

माझा मूळ पार्ट मागवलाय, दोन आठवडे म्हणाले. आल्यावर मोजूनच बसवून घेणार. पेडणेकर, तुमचा शेवटचा मेसेज मी घरी मोठ्याने वाचला.

वास्को_दर्या | 22 जून, रात्री 8:20

पेडणेकर, आता पाऊस नीट लागलाय. एकदा पॅड थोडं ओढून पडद्याच्या आत हात घालून बघा, ओल कुठपर्यंत येते ती.

पेडण्याचो_घुमट | 23 जून, रात्री 9:05

बघितलं आज. दाराच्या तळाला पाणी आहे, भोकातून ठिबकत बाहेर जातंय. पडद्याच्या आतल्या बाजूला, रिंगपाशी आणि पॅडला, कोरडं.